पावसाळ्यात घोड्याचा खोकला हटत नाही तेव्हा: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जुलै सरत आला की महाबळेश्वर-पाचगणीचे घोडेवाले असोत, वाई-मेढ्याचे असोत की कृष्णाकाठचे सांगली-मिरजेचे, तक्रार एकच असते. घोडा खोकतोय, नाकातून पांढरं येतंय, दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते. इंजेक्शनं झाली, काढे झाले. आठ दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

मी वाईजवळ घोडे सांभाळतो. असे घोडे पाहायला गेलो की औषध चुकलेलं क्वचितच दिसतं. चुकलेला असतो तो क्रम. सुई पहिल्या दिवशी टोचली जाते आणि घोडा ज्या हवेत रात्र काढतो तिच्याकडे लक्ष दुसऱ्या महिन्यात जातं. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, जे काही आत जायचं ते नाकावाटेच. आणि ते नाक दिवसाचे कितीतरी तास चाऱ्यात खुपसलेलं असतं.

महिनाभर टिकणाऱ्या खोकल्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एक संसर्ग, दुसरं दमा. दमा म्हणजे बुरशीचे कण, चाऱ्याची धूळ आणि मुताचा अमोनिया यांनी श्वासनलिका सुजणं. दम्यात ताप नसतो आणि तो एका घोड्याचा दुसऱ्याला लागत नाही. हा फरक कळण्याआधी उपचार सुरू केले की पुढचं सगळं गोंधळाचं होतं.

## तयारी

डिजिटल थर्मामीटर (ताप गुदद्वारातून बघायचा, म्हणून मागे दोरी बांधून घ्या, नाहीतर आत जातो), सेकंदकाटा असलेलं घड्याळ, वही, टॉर्च, चारा बुडेल एवढी टाकी किंवा पिंप, चारा भरायची जाळी, स्वतःसाठी मास्क आणि हातमोजे. याशिवाय एक वेगळी जागा, जिथे हा घोडा बाकीच्यांपासून लांब बांधता येईल. जागा नसेल तर शेजाऱ्याकडे आजच विचारून ठेवा. ताप निघाल्यावर शोधाशोध करण्यात दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात बाकीचे घोडे आजारी पडलेले असतात.

## १. चार दिवसांची नोंद

पहाटे, उन्हाच्या आणि कामाच्या आधी, घोडा शांत उभा असताना तीन गोष्टी लिहा.

श्वास: कुशीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. निरोगी घोड्याचे ८ ते १६ होतात. दमट दुपारी हा आकडा चढतो, म्हणूनच पहाटेचा धरायचा. विश्रांतीतही रोज २० च्या वर येत असेल तर नोंदीचे चार दिवस पुरे होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

ताप: ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट ठीक. १०१.५ च्या वर गेला की ताप समजा.

खोकला: किती वेळा आणि कधी? चारा टाकल्यावर, झाडलोट करताना, की चालायला लागल्यावर? यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातूनच कळत नाही. चारा टाकल्यावर पाच मिनिटांत खोकणारा घोडा कारण स्वतःच दाखवत असतो.

श्वास सोडतानाचं पोटही बघा. शेवटी पोट पुन्हा एकदा आत ओढलं जातं का, लोहाराच्या भात्यासारखं? बरगड्यांच्या मागच्या कडेने तिरपी पन्हळ उठली आहे का? नाकपुड्या उभ्या जागी फुललेल्या असतात का? अशी पन्हळ उठायला बरेच महिने लागतात. ती दिसली तर दुखणं या पावसाळ्याचं नाही, जुनं आहे.

नेहमीची चूक: «काम सुरू करताना दोन-तीनदा खोकतो, सगळेच खोकतात.» सगळे खोकत नाहीत. श्वासनलिका सुजलेले कितीतरी घोडे एरवी खोकतच नाहीत, त्यामुळे ते दोन-तीन ठसकेच पहिली खूण असतात.

आणखी एक घोटाळा दमट हवेतच होतो. काही घोड्यांचा घाम आटतो. काम झाल्यावर अंग कोरडं, कातडी गरम, ताप चढलेला आणि श्वास भराभर. मालकाला वाटतं छाती भरली. खरं तर अंगातली उष्णता बाहेर पडत नसते. अशा घोड्याला ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. पुढच्या पायऱ्या त्याच्यासाठी नाहीत.

## २. संसर्ग नाही याची खात्री

ताप आहे, जबड्याखाली गाठी आहेत, नाकातून घट्ट पिवळा पू येतोय, घोडा खात नाही किंवा एकापाठोपाठ एक घोडे खोकायला लागलेत, यातलं एक जरी असलं तरी घोडा वेगळा बांधा. त्याची बादली, मोहरकी, खरारा वेगळा. आधी निरोगी घोड्यांचं उरका, आजारी घोडा शेवटी. माणूस एकच असेल तर हात साबणाने धुवा आणि कपडे बदला. जबड्याखाली गाठी येणाऱ्या स्ट्रँगल्समध्ये तर वरून बरा दिसणारा घोडाही कित्येक महिने जंतू पसरवत राहू शकतो, त्यामुळे पू थांबला म्हणून लगेच ठाणावर आणू नका. डॉक्टरांकडून नमुना तपासून घ्या.

थांबा: नाकात आतून जखमा, बहुधा एकाच नाकपुडीतून चिकट किंवा रक्तमिश्रित स्राव, पायांवर किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी, आणि दिवसेंदिवस झडत चाललेलं अंग ही ग्लँडर्सची लक्षणं असू शकतात. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. २००६-०७ मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत तो सापडला होता, तेव्हा आपल्याकडे कुठला ग्लँडर्स, असं म्हणू नका. उघड्या हाताने नाक पुसू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, २००९ च्या प्राणीरोग नियंत्रण कायद्यानुसार मालकावर ते बंधन आहे. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. तिचा निकाल येईपर्यंत घोडा विकायचा नाही, हलवायचा नाही, वरातीला लावायचा नाही. लपवलेल्या एका घोड्यापायी आख्खी पागा जाते आणि मोतद्दाराचा जीव धोक्यात येतो.

जत-आटपाडीकडे घोडे आणि गाढवं एकाच रानात चरत असतील तर फुप्फुसातल्या जंताचाही विचार हवा. गाढवाच्या अंगात तो जंत निमूट राहतो, घोड्याला मात्र महिनोन्‌महिने खोकला देतो. ओल्या रानात त्याच्या अळ्या चांगल्या टिकतात. औषध आहे, पण वजनावर. मात्रा डॉक्टर ठरवतील, आणि गाढवांनाही द्यावी लागेल.

## ३. डॉक्टरांना काय दाखवायचं, काय विचारायचं

वही दाखवा. आतापर्यंत दिलेल्या औषधांची नावं आणि तारखा द्या, रिकाम्या बाटल्या असतील तर त्याच पुढे ठेवा. मग विचारा: दुर्बिणीने श्वासनलिका बघता येईल का, आणि फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यातल्या पेशी तपासता येतील का? दम्याचा पक्का निवाडा त्या पेशींवरून होतो. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल नावाच्या पेशी साधारण ५ टक्क्यांच्या आत असतात, जोराच्या दम्यात त्या २५ टक्क्यांच्या वर जातात. ही सोय गावोगावी नसते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे फोन करून आधी विचारा, मगच घोडा टेम्पोत चढवा. तपासणी जमली नाही तरी ताप नाही, गाठी नाहीत, चारा टाकल्यावर खोकला, एवढ्यावर डॉक्टर दमा धरून पुढे जाऊ शकतात.

इथून पुढचं सगळं दम्याच्या घोड्यासाठी.

## ४. चारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आधी तपासणी. गंजीच्या पोटात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा हात दमट आला तर बुरशी धरली आहे किंवा धरते आहे. मूठभर चारा उन्हाच्या तिरिपेत झटका. पांढरा-करडा धूर उठला, तळघरासारखा कुबट वास आला, पेंढी उलगडताना पानं एकमेकांना चिकटलेली निघाली, तर तो चारा या घोड्याला नाही. भिजवूनही नाही, वाळवूनही नाही. उन्हात टाकलेल्या बुरशीचा वास जातो, कण तिथेच राहतात. बुरशी आलेला मका तर कुठल्याच घोड्याला नको, त्यातल्या विषाने मेंदू सडून घोडा मरतो.

साठवण. महाबळेश्वरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटावात वर्षभरात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. घाटमाथ्यावर तीन महिन्यांचा कडबा रचून ठेवणं म्हणजे बुरशीची शेती करणं. खालच्या कोरड्या गावात ओळखीच्या माणसाकडे साठा ठेवा आणि आठ-दहा दिवसांचाच वर आणा. तो जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ताडपत्रीत गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि घोड्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर तर नकोच. वरून काढलेल्या प्रत्येक पेंढीची धूळ खाली त्याच्याच नाकात पडते.

भिजवणं. वाळलं गवत किंवा कडबा जाळीत भरा, स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवा. १० ते ३० मिनिटं बास. बाहेर काढून निथळू द्या, ओला असतानाच घाला. उरलेला वाळू न देता काढून टाका, कारण वाळला की धूळ पुन्हा उडते. प्रत्येक वेळी पाणी नवं.

«रात्री भिजत घातला, सकाळी दिला» हे आपल्याकडे सर्रास चालतं. दमट उबेत एवढ्या तासांत चारा आंबायला लागतो, जंतू वाढतात आणि अंगाला लागणारी साखर पाण्यात निघून जाते. घाई असेल तर दहाच मिनिटं भिजवा, पण रात्रभर नको. पोत्यावर उकळतं पाणी ओतून वाफवल्याचं समाधानही नको. चारा आतपर्यंत हवा तेवढा तापत नाही, आणि अर्धवट ऊब जंतूंना मानवते.

कुट्टी आणि कोंडा कोरडे कधीच देऊ नका, पाण्याने मळून घ्या. तोबऱ्यात तर बिलकुल नाही. तोबरा म्हणजे धुळीची पिशवी थेट नाकाला बांधणं. खाणं जमिनीलगत ठेवा. मान खाली गेली की श्वासनलिकेतला शेंबूड आपोआप बाहेर वाहतो, उंच जाळीतून खाणाऱ्या घोड्यात तो आतच साचतो.

## ५. तबेला

झाडलोटीचा क्रम. घोडा बाहेर काढा. मग पाणी शिंपडा. मग लीद आणि ओलं अंथरूण उचला, जाळी-जळमटं काढा, नवं अंथरूण टाका. तासाभराने धूळ बसली की घोडा आत आणा. मी स्वतः कित्येक वर्षं घोडी आत बांधलेली ठेवून झाडत होतो. ती खोकायची आणि मी तिला थोपटायचो. आधी तिला बाहेर काढायला लागलो तेव्हा सकाळचा खोकला दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आला. खराराही बाहेरच करा.

अंथरूण. भाताचा पेंढा पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट होतो. लाकडाचा बारीक भुसा आणि भाताचं तूस, दोन्ही धुळीचे. सुताराकडच्या रंध्याच्या जाड चिपा बऱ्या, आणि परवडलं तर रबरी मॅट व तिच्यावर पातळ थर सगळ्यात चांगला. कारखान्यांमुळे कऱ्हाड-सांगली पट्ट्यात उसाचा चोथा स्वस्तात मिळतो, म्हणून लोक तो टाकतात. ढिगात पडून तापलेल्या चोथ्यातल्या बुरशीसारख्या जंतूंनी माणसांना फुप्फुसाचा रोग होतो, आणि त्याला नावच मुळी चोथ्यावरून पडलं आहे: बगॅसोसिस. खोकणाऱ्या घोड्याखाली तो टाकू नका.

हवा. झडीचा पाऊस आत येतो म्हणून लोक चारी बाजूंनी ताडपत्री ओढतात. भिंती ओघळायला लागतात, पत्र्याखालून थेंब टपकतात, घोड्याचा श्वास त्याच्याच नाकात परततो. पाऊस अडवा, पण वारा अडवू नका. ताडपत्री खालून बांधा आणि वळचणीखाली दोन्ही बाजूंना निदान वीतभर फट मोकळी सोडा. पत्रा पुढे ओढून घेतला तर झड आत येत नाही. जमल्यास आढ्यालाही वाट ठेवा. गरम दमट हवा वर चढते, तिला जायला जागा हवी. शेजारच्या ठाणातला घोडा पेंढ्यावर असेल आणि तुमचा मॅटवर, तरी धूळ सारखीच. सुधारायचं तर एका छताखालची सगळी ठाणं एकदम.

तपासा: पहाटे दार उघडल्या उघडल्या आत जा आणि घोडा नाक ठेवतो त्या उंचीवर बसा. डोळे चुरचुरले तर त्याने रात्रभर तेच ओढलं आहे. मूत वाहून जायला उतार करा, ओला भाग रोज उचला. चुन्याची भुकटी वापरायची तर घोडा बाहेर असताना, आणि उरलेली झाडून घ्या. तीही नाकात जाते.

थांबा: डासांसाठी किंवा «छाती मोकळी व्हायला» तबेल्यात कडुनिंबाची, शेणीची धुरी करू नका. दम्याच्या फुप्फुसाला धूर म्हणजे मार आहे. डासांना जाळी लावा, पंखा लावा.

## ६. आत की बाहेर?

बहुतेक घोड्यांना मोकळं रान हेच औषध. कोरड्या जागी, झाडाखाली किंवा उघड्या मांडवात जितका वेळ राहील तितकं बरं. वर घर असलेल्यांनी शक्य असेल तर पावसाचे महिने घोडा खाली वाईकडे किंवा त्याच्याही पूर्वेला ठेवावा.

पण काही घोडे याच्या उलट वागतात. उष्ण-दमट दिवसांत हिरव्या रानावरच त्यांचा दमा चढतो, परागकणांनी आणि गवतावरच्या बुरशीने. अशा घोड्याला «मोकळी हवा द्या» म्हणून दिवसभर रानात सोडलं तर तो मरणाच्या दारात जातो. ओळखायचं वहीवरून. चार दिवस रानात, चार दिवस धूळ नसलेल्या, भिजवलेल्या चाऱ्याच्या ठाणात, आणि पहाटेचे श्वास शेजारी शेजारी मांडा. आत आल्यावर आकडा उतरत असेल तर त्याला त्या ऋतूत आतच ठेवा, दार-खिडक्या मोकळ्या ठेवून. ही परीक्षा श्वास विश्रांतीत २० च्या आत असलेल्या घोड्यावरच करायची.

## ७. मग औषध

जोराची धाप असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी औषध देतील, आणि ते बरोबरच आहे. पण चारा-तबेला त्याच दिवशी बदला. दम्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. स्टेरॉइडने सूज उतरते, घोडा तीन-चार दिवसांत ताजा दिसतो, मालक निश्चिंत होतो आणि जुनाच कडबा पुन्हा पुढ्यात पडतो. पंधरा दिवसांनी परत सुई. पाचगणीतल्या एका घोड्याचं असंच चाललं होतं, पाचव्या फेरीत त्याचे खूर तापले आणि तो उभा राहीना. स्टेरॉइडमुळे खुरांच्या आत दाह होऊ शकतो, आणि अंगात संसर्ग लपलेला असेल तर तो बळावतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून टोचू नका.

श्वासनलिका उघडणारी औषधं एकटी देऊन घोडा धुळीत ठेवला तर धूळ आणखी आत जाते.

बांबूच्या नळकांड्याने काढा पाजणं थांबवा. मान वर धरून ओतलेलं औषध खोकणाऱ्या घोड्याच्या श्वासनलिकेत उतरतं, आणि दम्याच्या जागी न्यूमोनिया उभा राहतो. नाकात तेल सोडणंही तसंच.

हवा बदलल्याचा फायदा दिसायला आठवडे लागतात. तीन आठवडे तरी काही मागे घेऊ नका. मधल्या काळात एकच कोरडी पेंढी पडली तरी फुप्फुस पुन्हा पेटतं. त्यामुळे घरातल्या पोरांना आणि रात्री चारा टाकणाऱ्या माणसाला नीट सांगून ठेवा.

## ८. कामावर परत

पहाटेचा श्वास सलग सात दिवस १६ च्या आत, चारा खाताना खोकला नाही आणि पोटाची दुहेरी ओढ गेली, तरच कामाला सुरुवात करा. पहिला आठवडा नुसती कदम चाल, लगामाला धरून. दुसऱ्यात थोडी दुडकी. दौड आणि पर्यटकांच्या फेऱ्या त्यानंतर. ताप येऊन गेलेल्या, संसर्गातून उठलेल्या घोड्याला ताप उतरल्यावर निदान तीन आठवडे पूर्ण विश्रांती द्या. दसरा-दिवाळीचा हंगाम तोंडावर असताना हे सांगणं किती जड जातं, मला माहीत आहे. त्या फेऱ्यांवरच वर्षाचं घर चालतं. तरीही अर्धवट बरा घोडा जुंपला तर पुढचा उन्हाळी हंगामही हातचा जातो.

लग्नसराईत टेम्पोतून लांब न्यायचं असेल तर मान उंच बांधू नका. दर तीन-चार तासांनी थांबून त्याला मान खाली घालू द्या, पाणी पाजा. प्रवासात तोंडासमोर चारा टांगायचा तर भिजवलेलाच.

शाळूचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. पुढच्या पावसाळ्याचा साठा तेव्हाच घ्या, खळ्यावर जाऊन, पेंढी उलगडून, उन्हात झटकून. अवकाळी पावसात भिजलेला, मग वाळवून विकायला काढलेला कडबा वरून पिवळाधमक दिसतो. पेंढीचं बंध सोडा आणि आतली ताटं बघा, काळे ठिपके तिथे असतात.